चष्म्याच्या नंबराआड लपणारा काचबिंदू

हा डोळा स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपखाली बघताय तुम्ही. पुढच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला आतून मधोमध ही उभी तपकिरी रेघ चिकटलेली दिसतेय ना, तिला क्रुकेनबर्ग स्पिंडल म्हणतात, आणि तो डोळ्यातलाच सुटलेला रंग आहे.

काही जणांचा, खास करून मायनस नंबरवाल्यांचा, डोळ्यातला रंगीत पडदा मागे झुकलेला असतो, मग बाहुली लहानमोठी होताना तो लेन्सला धरून ठेवणाऱ्या बारीक दोऱ्यांवर घासत राहतो, रंगाचे कण सुटतात आणि डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं त्या जाळीत जाऊन बसतात. सिंकची जाळी तुंबते तसंच. डोळ्यातलं प्रेशर, जे साधारण 10 ते 21 mmHg असावं, ते चढतं आणि मागची ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, हळूहळू खराब होते. हा पिगमेंटरी ग्लॉकोमा, म्हणजे रंगाच्या कणांमुळे होणारा काचबिंदू.

काचबिंदू म्हटलं की आपल्याला आजी-आजोबा आठवतात, पण हा विशी ते चाळिशीतल्या पोरांना गाठतो. गोऱ्या लोकांत जास्त, आपल्याकडे कमी, पण कमी म्हणजे नाहीच असं नाही हो! दुखत नाही, लाल होत नाही, कधी पळून आल्यावर थोडा वेळ धुरकट दिसतं, लाइटभोवती वलयं दिसतात, आणि आपण म्हणतो घाम गेला असेल डोळ्यात.

म्हणून नंबर काढायला गेलात की प्रेशर पण बघा म्हणून सांगाच, आणि शंका आली तर गोनिओस्कोपी, त्यात ती जाळी प्रत्यक्ष दिसते. कण दिसले म्हणून घाबरू नका, अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा लोकांपैकी 15 वर्षांत साधारण 15 टक्क्यांनाच काचबिंदू झाला.

उपचार म्हणजे आधी ड्रॉप्स, लॅटानोप्रोस्ट वगैरे. टिमोलॉल दिलं आणि तुम्हाला दमा असेल तर आधी सांगा. थेंब टाकला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. लेसरही करतात, पण या डोळ्यात रंग जास्त म्हणून पॉवर कमी ठेवावी लागते, नाहीतर प्रेशर उलट उसळतं. शीर्षासन मात्र बंद, त्यात प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं.

वय वाढलं की घासणं कमी होतं, काहींचं प्रेशर आपोआप उतरतं सुद्धा, पण ते डॉक्टरांनी मोजून सांगायचं, ड्रॉप्स मनाने बंद करायचे नाहीत, कारण गेलेली नजर परत येत नाही.