बर्टनबाईंची 25 वर्षं

नमस्कार मंडळी.

सायकलवाल्यांना बेरिल बर्टन या ब्रिटिश सायकलपटूचं नाव ठाऊक असतं ते एका ज्येष्ठमधाच्या गोळीमुळे. सप्टेंबर 1967, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधली 12 तासांची टाइम ट्रायल. यात प्रत्येकाला थोड्या थोड्या अंतरानं सोडतात. कुणाच्या आडोशानं सायकल मारायची नाही, समोरचा वारा ज्याचा त्यानं झेलायचा. बारा तासांत ज्याचं अंतर जास्त, तो पहिला. पुरुष आधी सुटले, बायका मागून. बर्टनबाई एकेकाला गाठत गेल्या आणि शेवटी पुढे उरला माइक मॅकनमारा. तो स्वतः त्या दिवशी पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम करत होता बरं का! शेजारी येताच बाईंनी खिशातून गोळी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली, आणि बाई पुढे निघून गेल्या.

बाईंचं अंतर भरलं 277.25 मैल, म्हणजे सुमारे 446 किलोमीटर. मॅकनमाराचं पाऊण मैलानं कमी. हा आकडा पुरुषांना ओलांडता आला 1969 मध्ये. बायकांमध्ये तो 2017 पर्यंत टिकला.

किस्सा झकासच आहे, पण मला तो दिवस बाईंच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटत नाही. ब्रिटनमध्ये वर्षभरातल्या वेगवेगळ्या अंतरांच्या शर्यतींवरून सर्वोत्तम अष्टपैलू सायकलपटू ठरवतात. महिलांमधला हा मान 1959 ते 1983, ओळीनं 25 वर्षं, एकट्या बर्टनबाईंकडे होता. पहिल्यांदा मिळाला तेव्हा वय 22, शेवटचा मिळाला तेव्हा 46. एखाद्या दिवशी पाय छान चालतात, वारा साथ देतो. पंचवीस हंगाम वारा कुणाला साथ देत नाही.

आणि हे सगळं हौशी म्हणून, पोटापाण्याची नोकरी सांभाळून. लहानपणी संधिवाताचा ताप आला, कित्येक महिने हॉस्पिटलात गेले, दगदग टाळा असं डॉक्टरांनी बजावलं. ती मुलगी पुढे यॉर्कशायरमधल्या मॉर्लीजवळ रुबार्बच्या (आंबट देठांच्या भाजीच्या) शेतात मजुरी करायची. रुबार्बचे जड गड्डे खणून काढायचे, उचलायचे. मालक निम कार्लाइन स्वतः सायकलपटू, त्यामुळे शर्यतींचं वेड त्याला समजत होतं. नवरा चार्ली यानंच तिला सायकलीची गोडी लावली होती. पुढे शर्यतींची धावपळही त्यानंच सांभाळली. कौतुक करताना चार्लीला आपण विसरतो, तेवढं करू नका.

जागतिक विजेतेपदं सात: ट्रॅकवरच्या पर्सूटची (दोघी ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकींचा पाठलाग करतात) पाच, रस्त्यावरची दोन. ऑलिम्पिक पदक मात्र एकही नाही. ते मिळणार कसं? महिलांची सायकल शर्यत ऑलिम्पिकमध्ये आली 1984 साली. बाई तेव्हा 47 वर्षांच्या होत्या.

आता थोडं अवघड. 1976 च्या राष्ट्रीय रोड रेसमध्ये (यात सगळ्या एकत्र सुटतात, आडोसा चालतो) बाईंना शेवटच्या झेपेत त्यांच्या मुलीनं, डेनिसनं, हरवलं. बक्षीस समारंभात आईनं लेकीशी हात मिळवला नाही. आघाडी टिकवायला पुढे राहून वारा झेलायची आपली पाळी डेनिसनं घेतली नाही, ही बाईंची तक्रार. गुणगान करणारे हा प्रसंग गाळतात. मी गाळणार नाही, कारण पंचवीस वर्षं जिंकत राहणाऱ्या माणसाला घरातही हरता येत नसेल, तर मला त्याचं नवल वाटत नाही. डेनिसची बाजू मात्र मला पटते. शर्यत तिनं जिंकली होती, आणि हात आईनं पुढे करायला हवा होता.