महिन्याला किती उरतं?

(दृश्य : कोल्हापूर. कपिलतीर्थ मंडई. पालेभाजीवर पाणी मारणारे हात. काट्याखाली दाबून ठेवलेल्या दहा-वीसच्या नोटा.)

एकच प्रश्न घेऊन आम्ही इथं आलो होतो. महिन्याला किती शिल्लक पडते? पहिल्याच मावशींनी तो उडवून लावला.

"महिन्याचं काय सांगू? आजचं इचारा."

मग आजचं विचारलं. पहाटे मार्केट यार्डातून 1,900 रुपयांचा माल उचलला. टेंपोला 60 दिले. संध्याकाळी गल्ला मोजला तर 2,550. बसायची पावती आणि दोन चहा वजा जाता हातात साडेपाचशेच्या आतबाहेर. शिवाय उरलेली मेथी घरी जाणार, तिचा हिशेब कुणी धरत नाही. या साडेपाचशेतले 100 रुपये मावशी ब्लाऊजच्या आतल्या बटव्यात न ठेवता काट्याखाली ठेवतात. ते त्यांचे नाहीतच. ते चार वाजता येणाऱ्या माणसाचे.

(दृश्य : मोपेडवरून उतरणारा मध्यमवयीन माणूस. गळ्यात पट्ट्याची बॅग, हातात पावतीचं मशीन.)

हा पिग्मीवाला, म्हणजे पतसंस्थेसाठी रोजची छोटी बचत गोळा करणारा. रोज दीडशे गाळे, टपऱ्या, हातगाड्या. कुणाचे 20, कुणाचे 50, सोनार असेल तर 500. मशीनमधून बोटभर पावती निघते. मावशी ती बघतही नाहीत, पण निघाली नाही तर लगेच विचारतात.

ही पद्धत कोल्हापूरची नाही. 1928 साली उडुपीत, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं ती सुरू केली. रोजचे दोन आणे, तेही बँकेचा माणूस दारात येऊन नेणार. ती बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हे नाव आपल्याकडच्या पतसंस्थांनी इतकं उचललं की आता ते मराठीच वाटतं. घरोघर फिरून पैसे गोळा करणारा हा माणूस नोकर की दलाल, यावर बरीच वर्षं कोर्टकज्जे झाले. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं तो कामगार असल्याचं मान्य केलं.

आता गंमत बघा. बँकेत पैसे ठेवायचे तर बँक आपल्याला व्याज देते. पिग्मीत व्याज जेमतेम, आणि मुदतीआधी मोडली तर बऱ्याच ठिकाणी व्याज तर नाहीच, वर कमिशन कापून घेतात. शिकलेला माणूस म्हणेल, हा तर तोट्याचा धंदा. आम्हीही तसंच म्हणालो.

"अवो, हातात ठिवलं की जातंय," मावशी म्हणाल्या. "घरात डब्यात ठिवलं तर पोरगं बघतंय. बँकेत जायचं तर दुकान कोण बघणार? ह्यो येतोय, नेतोय. माझ्या म्होरनं पैसं गेलं, इषय संपला."

म्हणजे त्या किंमत मोजतात ती पैसे डोळ्यांआड करण्याची. महिन्याला 26 दिवस धरले तर 2,600 रुपये. साधारण 14,000च्या कमाईत ही शिल्लक अठरा टक्क्यांच्या वर जाते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

वर्ष भरलं की मावशी थेट गुजरीत. तिथं सोनाराकडं बोरमाळेचे मणी वाढवून घेतात. एका वर्षी चार, एका वर्षी दोनच. भाव वाढलेत, त्यामुळे अलीकडं मणी कमी आणि घडणावळीची घासाघीस जास्त. सोनंच का? "पैसं मागाय पाव्हणं येत्यात. सोनं मागाय कोण येत न्हाई."

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर. लेथवर फिरणारा जॉब, निळसर भुसा, साबणाच्या पाण्याचा पांढरा फेस.)

उद्यमनगरात लेथवरच्या कारागिराला तोच प्रश्न विचारला. मशीन बंद न करता तो म्हणाला, "काय नाही उरत. शून्य."

पगार हातात 18,000. त्यात घरभाडं, दोन पोरांची शाळा, गाडीचा हप्ता, आईच्या गोळ्या. पंचवीस तारखेनंतर दुकानदाराची वही. खरंच शून्य.

पण त्याची पगाराची चिठ्ठी मागून घेतली तर तिच्यात एक ओळ होती, भविष्य निर्वाह निधी, 1,800. पंधरा हजारांवर बारा टक्के. मालक आपल्या बाजूनं तेवढेच भरतो, त्यातले 1,250 पेन्शनच्या खात्यात आणि 550 याच्या निधीत. म्हणजे दर महिन्याला 2,350 रुपये त्याच्या नावावर जमतात, सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास व्याजानं, आणि तो म्हणतो शून्य. बरोबरच म्हणतो. जे हातात आलंच नाही ते उरलं असं कोण म्हणेल? मावशींचे शंभर रुपये त्यांच्या हातून जातात, म्हणून त्यांना ते माहीत असतात.

अर्थात उद्यमनगरातल्या प्रत्येकाला अशी चिठ्ठी मिळत नाही. पलीकडच्या शेडमधल्या हेल्परचा पगार पाकिटात रोख येतो. त्याचं शून्य मात्र खरोखरचं शून्य.

शेती आणि ग्रामीण विकासाची बँक असलेल्या नाबार्डनं 2021-22 मध्ये ग्रामीण आणि निमशहरी भागातल्या कुटुंबांची पाहणी केली. देशभरची सरासरी अशी निघाली : कुटुंबाची महिन्याची मिळकत 12,698 रुपये, खर्च 11,262. वर्षाची आर्थिक बचत 13,209. बारानं भागा, महिन्याला अकराशे. पण या पाहणीत शंभरातल्या छासष्ट कुटुंबांनीच बचत केल्याचं सांगितलं. बाकीच्या चौतीस घरांच्या शून्याला भागणार कशानं?

(दृश्य : करवीर तालुक्यातलं गाव. सकाळी सहा. दूध डेअरीपुढं किटल्यांची रांग.)

गावात आलो आणि प्रश्नाची भाषा पुन्हा बदलली. इथं महिना दहा-दहा दिवसांचा. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. त्यातून पशुखाद्याचे कापून जे येतं त्यावर घरातला किराणा चालतो. दोन म्हशींच्या मालकीणबाई म्हणाल्या, दहा दिवसाचं दहा दिवसात संपतं, त्यात बचत कसली.

मग दिवाळीला काय करता? तेव्हा त्या हसल्या. "दिवाळीला फरक हाय की."

हा फरक म्हणजे जिल्ह्याच्या अर्थकारणातली मोठी गोष्ट. वर्षभर घातलेल्या दुधावर संघ आणि गावची संस्था मिळून दिवाळीआधी दर फरक, म्हणजे आधी दिलेल्या भावावर वरची रक्कम, देतात. 1963 साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचा, म्हणजे आपल्या गोकुळचा, फरक जमा झाला की त्या आठवड्यात कापड दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अर्थतज्ज्ञ याला काय म्हणतात ते म्हणोत, बाईंच्या लेखी ती साठवलेली रक्कम आहे, फक्त साठवली दुसऱ्यानं. उसाचं बिल नवऱ्याच्या खात्यावर जमा होतं आणि सोसायटीचं कर्ज फेडून संपतं. फरक बाईंच्या खात्यावर येतो. गेल्या वर्षी त्यातून गोठ्यावर पत्रे पडले.

(दृश्य : घराचा व्हरांडा. निवृत्त शिक्षक आणि सुट्टीला आलेला मुलगा. मध्ये चहाची किटली.)

पगार आणि बचत यांचं नातं सरळ असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या व्हरांड्यात बसावं.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. भविष्य निधी, शिक्षकांच्या पतसंस्थेची वर्गणी, विम्याचा हप्ता, सगळं कापून जे यायचं त्यात घर चालवलं. मुलगा पुण्यात हिंजवडीला. हातात 1,10,000. त्यातला 48,000 चा घराचा हप्ता. पंचावन्न लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के. पहिल्या हप्त्यातले जवळपास 39,000 नुसतं व्याज. घर विकत घेतलं असं म्हणायचं ते उरलेल्या पावणेनऊ हजारांचं. मग गाडी, पाळणाघर, सोसायटीचा मेंटेनन्स, कार्डाचं बिल. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, 5,000. महिनाअखेर खात्यात दोन-तीन हजार.

"एवढा पगार घेऊन माझ्याएवढं पण साठत नाही ह्याला," वडील म्हणाले.

मुलगा गप्प बसला. खरं तर त्याच्याकडं उत्तर होतं. वडिलांना आज दर महिन्याला निवृत्तिवेतन मिळतं. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सेवेत आलेल्यांना ती जुनी योजना लागू झाली नाही, आणि त्यासाठीच मार्च 2023 मध्ये राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप झाला. खाजगी नोकरीतल्या या मुलाला तर तो प्रश्नच नाही. वडिलांना म्हातारपणासाठी साठवायची गरज नव्हती, म्हणून त्यांनी जे साठवलं ते बचत दिसतं. मुलाला दोन्ही साठवायचं आहे आणि तो उधळ्या ठरतो. पण तेही सगळं खरं नाही. कार्डाचं बिल आम्ही पाहिलं. त्यात पाळणाघर कमी आणि मोबाईलवरून मागवलेलं जेवण जास्त होतं.

एसआयपी आणि हप्त्याचं मुद्दल धरलं तर मुलाची बचत साडेबारा टक्के भरते. मावशींची अठरा. अर्थात त्याच्या साडेबारा टक्क्यांचे पावणेचौदा हजार होतात. मावशींची महिन्याची अख्खी कमाई तेवढी.

(दृश्य : कारखान्याचा तळ. उसाच्या पाचटाच्या खोपी. चुलीवर भाकरी.)

इथं आम्ही तो प्रश्न विचारलाच नाही.

बीड जिल्ह्यातून आलेला कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हिशेबात ती एकच धरतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेतली, तिच्यातून आधीचं देणं आणि बहिणीचं लग्न निभावलं. आता मार्चपर्यंत ऊस तोडून ती फेडायची. रोज किती टन गेला ते बाई बोटावर मोजतात. उरणं हा शब्द इथं कुणाच्या तोंडी आला नाही. फिटणं आला. "ह्या साली फिटली तर पुढच्या साली कमी उचलायची," त्या म्हणाल्या. खोपीच्या कुडाला एक पत्र्याचा डबा टांगलेला होता. त्यात पोराच्या वह्या आणि गावाकडच्या बचत गटाचं पासबुक. महिना 100 रुपये. हंगामात दिराची बायको भरते, मग परत गेल्यावर हिशेब.

उणे खात्यावर बसून कुणी महिन्याला शंभर भरतं, हे आमच्या कागदावरच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

(दृश्य : रात्री साडेआठ. मंडई बंद होतेय. पिग्मीवाला बॅगेतल्या नोटा लावतोय.)

परत कोल्हापूर. दिवसभराची रक्कम जुळवून पिग्मीवाला पायरीवर टेकला. त्याला एक अवघड प्रश्न विचारायचा राहिला होता. संस्था बुडाली तर?

काही वर्षांपूर्वी तो दुसऱ्या एका पतसंस्थेसाठी फिरायचा. तिच्या दाराला कुलूप लागलं. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. लोक संस्थेच्या अध्यक्षाला ओळखत नव्हते, याला ओळखत होते. दोन वर्षं तो या मंडईतून गेला नाही, मागच्या बोळातून जायचा. मावशींचेही 11,000 होते. निम्मे मिळाले.

"तरी परत तुमच्याकडंच?"

उत्तर मावशींनीच दिलं, ताडपत्री बांधता बांधता. "त्यानं पळून जाऊन कुठं जायचं? घर ठावं हाय मला."

तो ओशाळून हसला. त्याला कमिशन मिळतं शेकड्याला तीन रुपये. दिवसाला नऊ-दहा हजार जमले तर पावणेतीनशे-तीनशे, पेट्रोल त्यातच. मग तुमची स्वतःची बचत?

"रोज पन्नास. पिग्मीच."

स्वतःच्याच मशीनवर?

"छे. स्वतःचं स्वतःकडं भरलं तर रोज उद्या म्हणतो मी." त्यानं घड्याळ पाहिलं. "दुसऱ्या संस्थेचा एक जण येतो. एव्हाना यायला पाहिजे होता."

(दृश्य : रिकामी मंडई. पायरीवर बसलेला माणूस, मुठीत पन्नासची नोट. लांबून येणारा मोपेडचा दिवा.)