शिवडीहून राणीबागेत

(एका बागप्रेमी मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, चिटणीसबाईंनी मला विषय दिला होता ‘आपल्या मंडळाचा इतिहास’. तो तुम्हाला पाठ आहे. तीन वेळा जागा बदलली आणि तिन्ही वेळा कुंड्या आपणच वाहिल्या. शेवटच्या सोसायटीने तर गच्ची गळते म्हणून आठ दिवसांत सगळं उचलायला लावलं. गळती पाइपातली निघाली, पण तोवर आपला कढीपत्ता गेला होता. म्हणून आज आपल्यापेक्षा मोठ्यांच्या बिऱ्हाडबदलाची गोष्ट सांगतो, मुंबईच्या राणीबागेची.

सुरुवात कलकत्त्यापासून करावी लागते. विल्यम केरी हे नाव मराठीचे विद्यार्थी ओळखतात. १८०५ साली त्याने मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली कोश काढला, तोही मोडी अक्षरांत. याच माणसाने १८२० साली कलकत्त्यात शेती आणि बागकामाची सोसायटी स्थापन केली. हे कळल्यापासून मला तो गृहस्थ जवळचा वाटायला लागला. रूपं आणि रोपं, दोन्ही चालवायची म्हणजे चिकाटी सारखीच लागते.

आपल्याकडे तशीच संस्था निघाली, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. १८३५ साली सरकारने तिला शिवडीला मोठी जमीन दिली. तिथे वनस्पतिउद्यान उभं राहिलं. आता शिवडी म्हटल्यावर तुम्हाला काय आठवतं? फ्लेमिंगो आणि ख्रिस्ती दफनभूमी. ती दफनभूमी म्हणजेच सोसायटीच्या बागेची जागा. गोऱ्या लोकांना पुरायला जमीन हवी झाली आणि बाग हलली. आपल्याला निदान आठ दिवस मिळाले होते, त्यांना किती मिळाले कोण जाणे.

नवी जागा माझगावच्या माऊंट इस्टेटमध्ये, सुमारे ३३ एकर. खटपट करणाऱ्यांत पुढे होते डॉ. जॉर्ज बर्डवुड, ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक. शेजारच्या संग्रहालयाच्या उभारणीतही ते होते आणि त्या कामात त्यांच्यासोबत आपले डॉ. भाऊ दाजी. त्या काळचे डॉक्टर दवाखान्याबाहेर बरंच काही करत असत. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते बाग उघडली. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. लोकांनी ते कधी जिभेवर घेतलंच नाही. त्यांच्यासाठी ती राणीची बाग. १८९० साली प्राणिसंग्रहालयासाठी आणखी पंधरा एकर जोडले, तेव्हापासून पोरं झाडं बघायला म्हणून कधी आलीच नाहीत. पुढे वीरमाता जिजाबाईंचं नाव लागलं, आणि गंमत बघा, राणीबाग हा शब्द तरीही टिकला.

सोसायटी मात्र टिकली नाही. १८७३ साली तिचं काम थांबलं आणि बाग म्युनिसिपालटीकडे गेली. नव्या जागी अकरा वर्षं! आपलं मंडळ त्याहून जास्त चाललंय, टाळ्या वाजवायला हरकत नाही. याच नावाची संस्था पुण्यात आजही एम्प्रेस गार्डन सांभाळते, जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरवते, शाळेतल्या मुलांना चित्रं काढायला बसवते. पुणेकर याबद्दल तुम्हाला न विचारताही सांगतील.

राणीबागेतलं एक झाड मला तुम्हाला दाखवायचंय. उर्वशी. मूळची ब्रह्मदेशातली. शास्त्रीय नाव गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नी आणि मुलीवरून दिलेलं. कोवळी पानं तांबूस, ओल्या फडक्यासारखी लोंबतात. नवखा माणूस झाड सुकलं म्हणून पाणी घालायला धावतो. फुलांचे लाल घोस झुंबरासारखे खाली लटकतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. बी क्वचितच धरतं, त्यामुळे रोप करायचं तर गुटी कलम.

मी करून पाहिलंय. कोकणात ओळखीच्यांच्या आवारात एक उर्वशी होती. त्यांच्या परवानगीने तीन फांद्यांची बोटभर साल गोल काढली, ओलं शेवाळ बांधलं, वर प्लॅस्टिक, सुतळीचे वेढे. दोन काळ्या पडल्या. तिसरीला प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसली तेव्हा मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. घरी आणून ती एप्रिलात पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवली. पुढचं सांगत नाही.

तर अशी झाडं त्या बागेत दीडशे वर्षं तगली. पण २००७ साली बागेच्या पुनर्विकासाची भलीमोठी योजना आली आणि झाडांची चिंता पडली. तेव्हा पुढे आल्या त्या मुख्यतः बायका, तुमच्याआमच्यासारख्या. त्यांनी आधी घोषणा दिल्या नाहीत, आधी झाडं मोजली, नावं लिहिली. कागदावर नाव चढलेलं झाड तोडताना अधिकाऱ्यालाही सही करावी लागते, हे त्यांना कळलं होतं. वारसा समितीपर्यंत प्रकरण गेलं आणि ती योजना त्या रूपात झाली नाही. नंतर पेंग्विन आले तो भाग वेगळा. त्यांना मात्र बिचाऱ्यांना आपण कुठे आलोत हे कोणी सांगितलं नसणार.

म्हणून मला आपल्या मंडळाच्या प्रदर्शनातल्या ढालींपेक्षा रविवारचा फेरफटका जास्त महत्त्वाचा वाटतो. मागच्या महिन्यात आपण स्टेशनमागच्या गल्लीत ४१ झाडं लिहिली. त्यातल्या सहांची नावं अजून अडली आहेत, आणि एकाच्या बुंध्याभोवती सिमेंट ओतलंय. नगरपालिकेला द्यायचा अर्ज लिहून तयार आहे, सह्या कमी पडतायत.

मागच्या टेबलावर अर्ज आहे. शेजारी ब्रह्मकमळाची पानं, गवती चहाचे ठोंब आणि मधुमालतीच्या काड्या ठेवल्या आहेत. आइस्क्रीमच्या काडीवर नाव लिहूनच न्या, पेन्सिलीने. शाई पहिल्याच पावसात जाते.