आधी किक मारू नका

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात फोटो मोठमोठ्या मोटारींचे निघतात, पण पुणेकराचे पाय अडतात ते बजाजच्या स्कूटरपाशी. 1972 साली चेतक आली. त्याआधी आकुर्डीत पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनत असे. त्याच साली फिरोदियांची लूना मोपेडही रस्त्यावर उतरली. त्यातली एखादी चेतक अजून कुठल्यातरी बोळात ताडपत्रीखाली उभी असते, आणि प्रदर्शन पाहून घरी आलेला माणूस ताडपत्री काढून पहिली किक मारतो. ती मारू नका.

दहा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरलेल्या असू शकतात. जोर लावला की रिंग तुटते, नाहीतर किकचे दाते जातात. स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळतात ते तेल, सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी मॅग्नेटचा, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या चाकाचा, पंखा हाताने हलकेच फिरवून बघा.

मग टाकी. जुनं पेट्रोल वार्निशसारखं चिकट होतं आणि त्याचा वासच सांगतो. ते सगळं काढून टाका. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी खुंटी, उजेडाकडे धरा. आरपार गोल ठिपका दिसला पाहिजे. नाही दिसला तर हवेचा झोत मारा, तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की स्कूटर पेट्रोल पिऊ लागते.

ताज्या पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टू-टी ऑइल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं, मग चिरतं. म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकचे, म्हणजे टाकीखालच्या तोटीचे, वायसर नवेच घाला. नाना पेठेत मिळतात, किरकोळ खर्च आहे.

ठिणगीच्या वेळी उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर पांढुरकी बुरशी आली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून गॅप 0.4 मिमी ठेवा. आता किक. पेट्रोल उतरावं म्हणून स्कूटर कलती करायची जुनी सवय ठीक, पण चोक ओढून दहा किका मारल्या तर प्लग भिजतो. चार किकांत दाद नाही दिली तर कॉक बंद करा आणि प्लग पुसा.

सुरू झाली की कान द्या. रेस सोडूनही इंजिन चढतच राहिलं तर मॅग्नेटकडचं ऑइल सील वाळलेलं असण्याची दाट शक्यता. तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि एखाद्या घाटात पिस्टन जाम होतो. उलट धुराचे लोट थांबतच नसतील तर क्लचकडचं सील बघा. इंजिन गिअर ऑइल ओढतंय. क्लचकडच्या सीलासाठी इंजिन पूर्ण उघडावंच लागतं, तेव्हा दोन्ही सीलं एकदमच बदलावीत.

पंक्चर काढताना आधी हवा पूर्ण सोडा. रिम दोन तुकड्यांची असते. हवा भरलेली असताना तिचे नट सैल केले तर ती उडून तोंडावर येते.

कागदांचंही पाहा. 2021 च्या नियमांनुसार गाडी 50 वर्षांहून जुनी असेल तर व्हिंटेज नोंदणी होते, क्रमांकात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. मात्र सांगाडा, पत्रा आणि इंजिन मूळचंच हवं, आणि अशी गाडी रोज मंडईला नेता येत नाही. तेव्हा वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन बघा. मूळ रंग खाली बऱ्याचदा शाबूत असतो.