टांगायच्या कपाटाआधी भिंत बघा

नमस्कार श्रोतेहो. गणपतीला मुंबईची मंडळी यायची, म्हणून आषाढ-श्रावणात स्वयंपाकघराला नवी कपाटं लावायची घाई आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात नेहमी दिसते. माझं आग्रहाचं सांगणं आहे, भिंतीवर टांगायच्या कपाटांचं काम तेव्हा काढू नका. पावसात मुरलेली ओल दिवाळीनंतर हळूहळू सुकते. ओल्या भिंतीला टेकवलेलं प्लाय मागच्या बाजूने फुगतं, बुरशी धरतं, आणि ते आपल्या नजरेला पडतही नाही.

त्यातून आपली भिंत चिऱ्याची. जांभा दगड सच्छिद्र, कुठे घट्ट तर कुठे भुसभुशीत. आधी गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज आला ती जागा सोडा. ड्रिल मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके देत फिरण्याची सोय, बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर चिऱ्याच्या कडा ढासळून भोक रुंद होतं. आतली लाल भुकटी फुंकून पूर्ण काढा. स्क्रू आवळताना भोकात बसवलेला प्लास्टिकचा प्लग जागच्या जागी गरगर फिरला, तर तिथे पकड नाही, हे पक्कं समजा. काड्या कोंबून वेळ मारून नेऊ नका. लांब फास्टनर किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का चिकटवायचा बोल्ट, वापरा. स्टीलचे डबे, पितळेची पातेली भरली की एका कपाटाचं वजन सहज ४०-५० किलो होतं, आणि त्याच्याखाली ओट्याशी आपलंच माणूस उभं असतं.

जुन्या घरात चिरे मातीत बांधलेले असतील, तर टांगूच नका. जमिनीवर पायांवर उभं राहणारं कपाट करा. दिसायला साधं असेल, पण मला तेच बरं वाटतं.

भोक पाडण्याआधी मेन स्विच बंद करा आणि टेस्टर लावून खात्री करा. ड्रिलसाठी वीज दुसऱ्या खोलीतून घ्यायची असेल, तर निदान स्वयंपाकघराची एमसीबी तरी खाली हवीच. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत भोक नको. वायर आणि पाइप बहुधा तिथूनच जातात. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडकं.

कपाट चढवताना दारं आणि फळ्या काढून ठेवा. ओळंबा आणि लेव्हल बघून भिंतीवर खाली एक लाकडी पट्टी तात्पुरती ठोका, खोकं तिच्यावर टेकवा, मग एकाने धरायचं, दुसऱ्याने आवळायचं. एकट्याने हे काम करू नये.

प्लाय घेताना आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का बघा. किनाऱ्याजवळ घर असेल तर स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या; खारा वारा साध्या लोखंडाला फार दिवस टिकू देत नाही.

आणि ओट्याखाली सिलिंडर ठेवणार असाल, तर त्या कपाटाला अगदी तळाशी जाळी ठेवायला सुताराला सांगा. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खालीच साठतो.