दुखतो पाय, आजार मानेत

पुढचा एक पाय उचलून धरणारा कुत्रा दवाखान्यात आला, की सगळ्यांचं लक्ष पायाकडेच जातं. खांदा दाबून बघतात, कोपर वाकवून बघतात, पंजात काटा शोधतात. काही सापडत नाही. अशा वेळी मान तपासा, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. मानेतून पायाकडे जाणाऱ्या नसेचं मूळ दाबलं गेलं, की कुत्रा लंगडतो. बाकीच्या खुणा आधी घरच्यांनाच दिसतात. जमिनीवरच्या भांड्यापर्यंत तोंड नेताना तो कचरतो, हाक मारली तर मान न वळवता अख्खं अंग वळवतो, कुणी हात लावलेला नसताना केकाटतो.

मानदुखी म्हणजे कर्करोगाची गाठच, असं मुळीच नाही. डॅशहुंड, बीगल अशा जातींत बहुतेक वेळा मणक्यांमधली चकती सरकलेली असते. त्यामुळे विश्रांती आणि वेदनाशामक गोळ्या ही सुरुवात ठीकच आहे. मला काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. कुत्रा मोठ्या चणीचा, वय झालेलं, गोळ्या चालू असेपर्यंत बरं, थांबवल्या की दुखणं परत, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त. इथे मणक्यातल्या गाठीचा विचार करायलाच हवा. मणक्यातच सुरू होणाऱ्या गाठींत ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, सर्वांत जास्त आढळतो. शिवाय दुसरीकडचा कर्करोगही मणक्यात उतरतो.

‘एक्स-रे स्वच्छ आहे’ या वाक्यावर विसंबू नका. हाडातली साधारण 30 ते 50 टक्के खनिजं झिजेपर्यंत एक्स-रेमध्ये फरक दिसत नाही. झीज दिसली तरी ती कुठे आहे ते पाहावं लागतं. जंतुसंसर्ग बहुधा चकतीलगतचे दोन्ही मणके पोखरतो, गाठ बहुतेकदा एकाच मणक्यात राहते. हाडाचं नुकसान सीटी स्कॅनमध्ये नीट कळतं, मज्जारज्जू किती दाबला गेलाय ते एमआरआयमध्ये. तरी गाठीची जात चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी सुईनं नमुना काढावाच लागतो.

आणि इथेच एक घाई नडते. निदानाआधी स्टेरॉइड दिलं जातं. दुसऱ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत उठतो, घरचे सुखावतात, पण लिम्फोमा किंवा मायलोमा (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशींचे कर्करोग) असेल तर गाठीतल्या पेशी तात्पुरत्या विरतात आणि नमुन्यात काहीच हाती लागत नाही. मायलोमासारख्या गाठीला औषधांनी अनेकदा चांगला उतार पडतो, ऑस्टिओसार्कोमात तशी आशा फार कमी. म्हणून तर गाठीचं नाव कळणं इतकं मोलाचं. रक्तातली प्रथिनं, कॅल्शियम, लघवी आणि छातीचा एक्स-रे या तपासण्याही त्याच वेळी उरकून घ्याव्यात.

तोवर घरी एवढं करा. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला, उड्या आणि जिने बंद ठेवा, आणि त्याचं भांडं तोंडाच्या उंचीला ठेवा.