रेस संपली, आता सोफ्यावर: रिटायर्ड ग्रेहाउंड घरी आणण्याबद्दल

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं. मेलबर्नच्या आपल्या मंडळाने मला विषय दिला होता 'प्राणीप्रेम', तो मी परस्पर छोटा करून टाकलाय, कारण प्राणीप्रेमावर बोलायचं म्हटलं की आपण सगळेच संत आणि घरात कुत्रा आणायचा म्हटलं की 'अहो सोफा नवीन आहे'. तर आज फक्त ग्रेहाउंड, तेही रेसमधून रिटायर झालेले.

पहिला गैरसमज आधीच काढून टाकते. ताशी साठ किलोमीटरच्या वर पळणारं कुत्रं म्हटल्यावर लोकांना वाटतं याला केवढं तरी बॅकयार्ड लागणार, रोज सकाळी नवऱ्याला याच्यामागे धावायला लागणार. तसलं काही नाही हो. हे जनावर स्प्रिंटर आहे. इथल्या सँडाउनच्या रेस ट्रॅकवर ५१५ मीटरची रेस साधारण अर्ध्या मिनिटात संपते, त्या अर्ध्या मिनिटासाठीच त्याचं शरीर घडवलेलं असतं, आणि बाकीचा दिवस ते झोपतं. आमचा मोत्या (काळाकुळकुळीत आहे, नाव मुलीने ठेवलंय, वाद घालायला माझ्याकडे येऊ नका) सकाळी वीस-पंचवीस मिनिटं फिरून आला की जो लवंडतो तो दुपारी कुकरची शिट्टी झाल्यावरच एक कान वर करतो. युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी, आई-बाबा सहा महिने इकडे येऊन राहतात अशा घरांनी या कुत्र्याचा जरूर विचार करावा.

सांगली-सोलापूरकडच्या मंडळींना मुधोळ हाउंड, कारवान माहिती असतील. जातकुळी तीच, नाकाने नाही तर नजरेने शिकार करणारी. लांब तोंड, खोल छाती, कंबर अशी की शेजारची आजी म्हणणार 'याला खायला घालत नाही का गं?' घालतो. तो तसाच दिसतो, शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत, नाही दिसल्या तर तुमचं चुकतंय.

आता हे कुत्रे येतात कुठून ते थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. यांत्रिक सशामागे कुत्रे पळवायची कल्पना अमेरिकेतली, ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या माणसाने १९१९ मध्ये कॅलिफोर्नियात तसा ट्रॅक चालू केला, १९२६ मध्ये ते मँचेस्टरला पोचलं आणि १९२७ मध्ये सिडनीला. इथे एका रेसमध्ये आठ कुत्रे असतात, एक नंबरला लाल झूल, आठ नंबरला गुलाबी, आणि सगळ्याच्या मुळाशी बेटिंग. बहुतेक कुत्र्यांचं करिअर चार-पाच वर्षांचे व्हायच्या आत आटोपतं, बरेचदा वळणावर एकमेकांवर आदळून मागच्या पायाचं हाड मोडतं म्हणून, किंवा नुसतं स्लो म्हणून. पण कुत्रा जगतो बारा-तेरा वर्षं. मग मधल्या वर्षांचं काय करायचं, हा प्रश्न या धंद्याने कितीतरी वर्षं फार वाईट पद्धतीने सोडवला. २०१५ मध्ये एबीसी या इथल्या सरकारी चॅनेलच्या 'फोर कॉर्नर्स' या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं की ट्रेनिंगला जिवंत ससे, पॉसम, डुकराची पिल्लं बांधतात, त्यावरून न्यू साउथ वेल्समध्ये चौकशी बसली, तिचा अहवाल २०१६ मध्ये आला, आणि त्यात होतं की आधीच्या बारा वर्षांत निदान ४८ हजार, कदाचित ६८ हजारांपर्यंत कुत्रे स्पर्धेच्या लायकीचे नाहीत म्हणून मारले गेले असावेत. तिथल्या सरकारने जुलैत रेसिंगवर बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये मागेही घेतली. कॅनबेरात मात्र २०१८ पासून बंद आहे. फ्लोरिडात लोकांनी मत देऊन बंद पाडलं, मकाऊचा कॅनिड्रोम हा रेस ट्रॅक २०१८ मध्ये बंद झाला तेव्हा पाचशेच्या वर कुत्रे तिथे उरले होते आणि त्यांना घरं शोधताना संस्थांच्या नाकीनऊ आले. न्यूझीलंडनेही २०२४ च्या डिसेंबरात बंदी जाहीर केली.

आपल्या व्हिक्टोरियात रेसिंग चालू आहे. आणि इथला मोठा अडॉप्शन प्रोग्राम, ज्याला सगळे गॅप (ग्रेहाउंड अडॉप्शन प्रोग्राम) म्हणतात, तो १९९६ पासून आहे आणि रेसिंगवालेच चालवतात. हे ऐकून काही जणांचं डोकं फिरतं, माझंही फिरायचं. त्यांच्याशिवाय छोट्या छोट्या रेस्क्यू संस्था आहेत, स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या. कुत्रा कुठूनही घ्या, पण आपण एक कुत्रा आणला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं समजू नका. जोपर्यंत जन्माला घातल्या जाणाऱ्या पिल्लांची संख्या कमी होत नाही तोपर्यंत अडॉप्शन म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं आहे. तरी पुसायची, कारण जो कुत्रा समोर उभा आहे त्याला धोरण कळत नाही.

बरं, आता कुत्रा घरी आला. इथे लोक फसतात. तो मोठा आहे, शांत आहे, ट्रेनिंग झालेलं आहे, म्हणजे सगळं येत असेल असं वाटतं. त्याला येत काहीच नाही! जन्म केनेलमध्ये गेलेला, घर म्हणजे काय हेच त्याने पाहिलेलं नसतं. काचेचा सरकता दरवाजा म्हणजे त्याच्या दृष्टीने मोकळी हवा, तेव्हा पहिले काही दिवस काचेवर त्याच्या नाकाच्या उंचीला चिकटपट्टी लावा, नाहीतर पळत येऊन आदळेल. टाइल्सवर चारी पाय चार दिशांना जातात. जिना तर विचारू नका, मोत्या पहिल्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवून पुतळ्यासारखा उभा राहिला, मागचे पायही उचलायचे असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं, शेवटी नवऱ्याने एकेक पाय हाताने उचलून पुढच्या पायरीवर ठेवला आणि मी वरून चीज दाखवत बसले. मिक्सर, व्हॅक्यूम, टीव्हीतला कुत्रा, सगळ्याला घाबरतो. आणि एकटं राहणं. केनेलमध्ये आजूबाजूला सतत दुसरे कुत्रे असतात, त्यामुळे पहिल्या रात्री रडणार हे धरून चाला, आणि एकटं राहायची सवय पाच-पाच मिनिटांपासून लावा, एकदम आठ तास ऑफिसला निघून जाऊ नका.

घरात लहान मुलं असतील तर एकच नियम पाठ करून घ्या: झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, आधी नावाने हाक मारायची. यांच्या झोपेत कधी कोणी अंगाला हात लावलेला नसतो, दचकून गुरकावतात, क्वचित चावतातही. आणि गंमत म्हणजे काही ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे जागा आहे असं समजून जवळ जाऊ नका.

शरीराच्या गोष्टी. कातडी कागदासारखी पातळ, गुलाबाच्या काट्याने सुद्धा चीर पडते. अंगावर चरबी नाही, त्यामुळे इथल्या जून-जुलैच्या थंडीत कोट लागतोच, लाड म्हणून नाही. मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा उलटा सरकून निघतो, म्हणून मार्टिंगेल कॉलर, म्हणजे ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा. दात बहुतेकांचे खराब असतात, मऊ खिम्यावर वाढलेले. आणि व्हेट असा बघा ज्याने ग्रेहाउंड हाताळलेत, कारण यांच्या तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉइडचा आकडा खाली, आणि हे सगळं यांच्यासाठी नॉर्मल असतं, माहिती नसलेला डॉक्टर उगाच गोळ्या चालू करेल. भुलीच्या काही औषधांतून बाहेर यायलाही यांना जास्त वेळ लागतो.

आणि आपलं आपलं खास: ओटा. याचं तोंड बरोबर ओट्याच्या उंचीला येतं. पोळ्यांचा डबा उघडा ठेवलात तर गेल्या. पोळीने काही होत नाही, पण कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे हे कुत्र्यांना विषारी आहेत, म्हणजे कांदेपोहे नाही, बेदाणे घातलेला शिरा तर अजिबात नाही. आजी लोकांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. 'एवढासा प्रसाद दिला तर काय होतंय?' होतं. किडनी जाऊ शकते. त्यांना वेगळा डबा भरून द्या, त्यातलं त्यांनी द्यावं, दोघंही खूश.

कायद्याचं पटकन. २०१९ पासून व्हिक्टोरियात पाळीव ग्रेहाउंडला तोंडाला मझल बांधायची सक्ती नाही, पण बाहेर लीश कायम हवी, ऑफ-लीश पार्कमध्येसुद्धा. आणि ते बरोबरच आहे असं माझं मत आहे. लांबवर काहीतरी हललं की हा सुटतो आणि सुटल्यावर तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मांजरांचं विचाराल तर काही ग्रेहाउंड मांजरीबरोबर सुखाने राहतात, काही जन्मात राहू शकत नाहीत, संस्थेकडून आधी टेस्ट करून घ्या आणि त्यांनी नाही म्हटलं तर 'आम्ही सांभाळून घेऊ' म्हणू नका. ज्यांच्याकडे ससा आहे त्यांनी दुसरं कुत्रं बघावं.

चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं की आम्ही डिसेंबरात सहा आठवडे पुण्याला जातो, मग याचं काय? चांगला प्रश्न आहे, आणि बहुतेक घरांमध्ये तो कुत्रा आणल्यानंतर सुचतो. केनेलमध्ये ठेवता येतं, काही कुत्रे तिथे मजेत राहतात, ओळखीचीच जागा वाटते. काही मात्र खाणं सोडतात. पहिल्या वर्षी तरी मी ठेवणार नाही, घरी येऊन राहणारा सिटर बघेन, किंवा दुसरं ग्रेहाउंडवालं कुटुंब, आम्ही आपापसात असंच करतो, दिवाळीला तुमचा आमच्याकडे, नाताळात आमचा तुमच्याकडे. तिकिटं काढायच्या आधी ही सोय लावा, डिसेंबरचे चांगले सिटर ऑक्टोबरलाच संपतात.